लोकल-रिमोट

मराठवाड्यातल्या माकणीच्या धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की पाणीच पाणी दिसतं. समुद्र मात्र इथून पश्चिमेला सरळ रेघ ओढली तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. तरीही युद्धनौकेवरच्या स्वयंचलनाचा आढावा मी आमच्या शिवारातूनच सुरू करणार आहे, कारण त्यातलं मूळ दुखणं आमच्या रोजच्या ओळखीचं आहे. इथे बोअरवरच्या स्टार्टरच्या पेटीत ‘ऑटो’ बसवलेला असतो. थ्री फेज लाइट रात्री अकराला येईल की दोनला, याचा भरवसा नसतो. म्हणून शेतकरी ऑटो टाकून घरी झोपतो आणि लाइट आली की मोटार आपली आपण सुरू होते. एकट्या शेतकऱ्यापुरतं हे सुखच आहे. पण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस मोटारी आणि विसांवरही ऑटो असले, तर लाइट येताक्षणी सगळ्या एकदम उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. डीपी जळतो आणि पुढचे कितीतरी दिवस हरभरा आभाळाकडे बघत राहतो. वीज कंपनी दर रब्बीत ऑटो काढायचं आवाहन करते, आम्ही दर रब्बीत ते ऐकून घेतो.

युद्धनौका म्हणजे एका डीपीवरचं गावच. तीन-चार जनरेटर, आणि त्यांच्यावर सुकाणूचे पंप, आगीचे पंप, रडार, तोफा, एसी, स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रं. लढाईत एक जनरेटर बंद पडला, तर उरलेल्यांवर सगळा भार एकदम येतो आणि तेही पाठोपाठ बसतात. तसं होऊ नये म्हणून नौकेवरची वीज-व्यवस्थापन प्रणाली डोळ्याचं पातं लवायच्या आत बिनमहत्त्वाचा भार तोडते. आधी एसी आणि स्वयंपाकघर जातं. सुकाणू, आगीचे पंप आणि शस्त्रं शेवटपर्यंत टिकवली जातात. बंद पडलेल्या मोटारी परत सुरू करायच्या तर त्याही क्रमाने, दोन मोटारींत अंतर ठेवून. आमच्या डीपीवर ऑटो वीस आहेत, पण त्या विसांकडे एकत्र बघणारं कुणी नाही. स्वयंचलन आणि नियंत्रण यांतला फरक एवढाच आहे, आणि नौदलांनी गेल्या दीडशे वर्षांत जो पैसा ओतला तो यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी.

आजच्या कारखान्यातलं कितीतरी नियंत्रणशास्त्र मुळात जहाजाच्या सुकाणूपाशी जन्मलं, हे फारसं कुणी सांगत नाही. जहाजं मोठी झाली तसं सुकाणू माणसांच्या बळाने वळेना. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजावर १८६०च्या दशकात वाफेवर चालणारं सुकाणू-यंत्र बसलं. चाक जेवढं फिरवाल तेवढंच सुकाणू वळेल आणि तिथेच थांबेल, अशी त्याची रचना होती. फ्रान्समध्ये जोसेफ फार्कोने अशाच यंत्रांवर काम करताना ‘सर्व्होमोटर’ हा शब्द रूढ केला. पुढे १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की या रशियातून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्राचं गणित मांडलं. त्याने पाहिलं ते असं: मुरलेला सुकाण्या दिशा किती चुकली एवढंच बघत नाही. ती किती वेगाने चुकते आहे आणि किती वेळ चुकत राहिली आहे, हेही त्याचे हात जाणतात. या तीन गोष्टींची बेरीज म्हणजे पीआयडी. मिनोर्स्कीच्या यंत्राची चाचणी ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकन युद्धनौकेवर झाली. आज आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी राखणारा कंट्रोलर याच सूत्रावर चालतो. म्हणजे ढोकीचा साखर कारखाना काय किंवा मुंबईची माझगाव गोदी काय, एका सुकाण्याच्या हाताची सवय दोन्हीकडे पोचली आहे.

मुंबईकडे वळू. आगबोटींच्या काळात कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या, कितीतरी घरांतली माणसं इंजिनखोलीत राबली. खलाशांच्या बोलीत भट्टीपाशी असणारा तो ‘आगवाला’, तेल घालणारा ‘तेलवाला’, त्यांच्यावर ‘टिंडेल’ आणि सगळ्यांवर ‘सारंग’. नावंच कामाची होती, कारण एकेक माणूस हाच एकेक नियंत्रक होता. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘नीलगिरी’ ही ब्रिटिश लिअँडर आराखड्यावरची फ्रिगेट ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली, तेव्हा तेलावरचे बॉयलर आले होते. तरी बॉयलर, टर्बाइन, पंप, जनरेटर यांच्याजवळ माणसं उभी राहायचीच. तीन हजार टनांच्या आतबाहेरच्या या नौकेवर अडीचशेहून अधिक माणसं होती. थंड बॉयलरमधून वाफ उठवून नौका हलवायला कित्येक तास लागत. त्या उष्णतेत वॉच केलेला माणूस पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग गेलं म्हणून सांगायचा. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि स्वयंचलनाच्या हिशेबात त्याची किंमत कधी धरली गेली नाही.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये ‘गोदावरी’ आली. आराखडा भारतीय, बांधणी माझगावची. शस्त्रं मात्र काही सोव्हिएत, काही पाश्चात्त्य, काही देशी. सोव्हिएत यंत्रांना लागणारी वीज वेगळ्या व्होल्टेजची आणि वेगळ्या फ्रिक्वेन्सीची, पाश्चात्त्यांना लागणारी वेगळी. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या या सगळ्यांना एका संगणकीय लढाई-केंद्राशी जोडायचं होतं. हे जुळवाजुळवीचं काम आपल्या अभियंत्यांनी केलं आणि माझ्या मते भारतीय नौदलातल्या स्वयंचलनाचा खरा पाया तिथे पडला. विकत घेतलेलं यंत्र चालवणं वेगळं, आणि दोन परकी यंत्रं एकमेकांशी बोलती करणं वेगळं. नौदलाची दिल्लीतली वेपन्स अँड इलेक्ट्रॉनिक्स सिस्टिम्स इंजिनिअरिंग एस्टॅब्लिशमेंट ही संस्था आजही याच कामाला वाहिलेली आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने बांधलेली देशी लढाई-व्यवस्थापन प्रणाली आपल्या नव्या नौकांवर आहे.

गॅस टर्बाइन आलं आणि स्वयंचलन हौसेचा भाग राहिलं नाही. वाफेच्या यंत्राला चढायला जसा वेळ लागतो तसा बिघडायलाही लागतो; माणसाला धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद करता येतो. टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतं आणि काही क्षणांत स्वतःला फाडून टाकू शकतं. त्याचा वेग मर्यादेबाहेर गेला तर इंधन तोडायचं काम यंत्रच करू शकतं. २९ एप्रिल २०१० रोजी मुंबईत दाखल झालेल्या ‘शिवालिक’वर डिझेल किंवा टर्बाइन अशी आलटून-पालटून चालणारी रचना भारतीय नौदलात प्रथम आली. एरवी डिझेलवर सावकाश जायचं, घाई असली की टर्बाइन. दोघांची गाठ गिअरबॉक्सात पडते. एकाचा क्लच सुटायचा, दुसऱ्याचा वेग जुळायचा, मग तो धरायचा, आणि त्याच वेळी नौकेच्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) पात्यांचा कोन बदलायचा. बैलजोडी पळती ठेवून एक बैल सोडायचा आणि दुसरा जुंपायचा, असला हा प्रकार. माणसाने लिव्हर पुढे सारायचा, बाकीचं नियंत्रण प्रणालीने करायचं.

या सगळ्याला एका छताखाली आणणाऱ्या व्यवस्थेचं नाव इंटिग्रेटेड प्लॅटफॉर्म मॅनेजमेंट सिस्टिम, तोंडी भाषेत आयपीएमएस. नौकाभर तापमान, दाब, पातळी, धूर, पाणी मोजणारे हजारो सेन्सर असतात. प्रत्येक विभागातल्या पेटीत त्यांच्या तारा येतात. पेट्या एकमेकींना दुहेरी जाळ्याने जोडलेल्या असतात, म्हणजे एका बाजूची केबल गोळ्याने तुटली तरी निरोप दुसऱ्या बाजूने पोचतो. मशिनरी कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस पडद्यावर इंजिन सुरू करतो, टाकीतलं इंधन इकडून तिकडे घेतो, कुठल्या खोलीत आग आहे, कुठला दरवाजा उघडा राहिला, हे पाहतो. हेच पडदे ब्रिजवर आणि नुकसान-नियंत्रण केंद्रातही असतात, त्यामुळे एक खोली गेली तरी दुसरीतून नौका चालते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेल्या ‘विक्रांत’वर अशी प्रणाली ‘भेल’ने बसवली. सुमारे २,३०० कप्पे आणि चार गॅस टर्बाइन असलेल्या त्या नौकेवर माणसं धाडून सगळीकडे लक्ष ठेवायचं म्हटलं, तर एक पलटण नुसती जिने चढण्या-उतरण्यातच जाईल.

माणसं किती वाचली? नव्या ‘नीलगिरी’शी ताडून पाहू. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ‘सुरत’ विनाशिका आणि ‘वागशीर’ पाणबुडीबरोबर ती दाखल झाली. नाव तेच, गोदीही तीच. वजन मात्र जुनीच्या दुपटीहून अधिक, सुमारे ६,६७० टन. माणसं सव्वादोनशेच्या आसपास. कलवरी वर्गाच्या पाणबुडीवर तर आठ अधिकारी आणि पस्तीस नौसैनिक एवढ्यांतच भागतं. हे आकडे कौतुकाचे आहेत. पण कौतुक करताना एक गोष्ट सुटते. नौकेवरचा माणूस दोन कामांसाठी असतो: नौका चालवायला आणि नौका वाचवायला. पहिल्या कामातून सुटलेला माणूस उतरवला की तो दुसऱ्या कामातूनही जातो.

नॉर्वेने याचा अनुभव घेतला. ८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे त्यांची ‘हेल्गे इंगस्टाद’ ही आधुनिक, कमी माणसांची फ्रिगेट एका तेलवाहू जहाजाला घासली आणि तिची कूस फाटली. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलं ते पोकळ शाफ्टमधून, म्हणजे जिथून ते जाईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं तिथून. अंधारात, अर्धवट वीज असताना, नौकेचं एकूण चित्र कुणापाशीच नीट उरलं नाही. जीवितहानी झाली नाही, पण नौका बुडाली. पडदा सेन्सर आहे तिथलंच सांगतो. जिथे सेन्सर लावायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, तिथलं बघायला माणूस लागतो.

अमेरिकेने याआधीच दोन धडे घेतले होते, आणि दोन्ही वेगळे आहेत. ‘यॉर्कटाउन’ ही क्रूझर ‘स्मार्ट शिप’ म्हणून नावाजलेली. सप्टेंबर १९९७ मध्ये कुणीतरी एका नोंदीत शून्य टाकलं, संगणकाने त्या शून्याने भागाकार केला आणि एका चौकटीतली चूक जाळ्याने पूर्ण नौकेवर नेली. अडीच तासांहून अधिक काळ नौका पाण्यावर ओंडक्यासारखी पडून होती. चूक शाळकरी होती. खरा दोष एवढाच की शून्य नाकारणारं कुणी मध्ये बसवलेलं नव्हतं.

दुसरा धडा रक्ताचा आहे. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळच्या गजबजलेल्या मार्गावर ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका चालली होती. सुकाण्याला दिशा आणि वेग दोन्ही सांभाळताना ओढाताण होते आहे, हे कप्तानाने पाहिलं आणि वेगाचं नियंत्रण शेजारच्या माणसाकडे द्यायला सांगितलं. टचस्क्रीनवर ते देताना सुकाणूही शेजारी गेलं. सुकाण्याला वाटलं, सुकाणू निकामी झालं. त्याने तसं ओरडून सांगितलं. शेजाऱ्याला आपल्याकडे सुकाणू आलंय हे ठाऊकच नव्हतं. त्याने वेग कमी केला तो एकाच बाजूच्या पंख्याचा, कारण दोन्ही बाजूंची जोडणी पडद्यावर सुटलेली होती. नौका डावीकडे वळत ‘अल्निक एमसी’ या तेलवाहू जहाजाच्या वाटेत गेली. या सगळ्याला मिनिटं लागली तीन. दहा नौसैनिक गेले. यंत्रात एकही बिघाड नव्हता. पडदा, सुकाणू, पंखे सगळं धडधाकट होतं. फक्त ताबा कुणाकडे आहे हे कुणाला माहीत नव्हतं. त्या वॉचवरची काही माणसं दुसऱ्या नौकेवरून तात्पुरती आलेली, आणि त्यांच्या नौकेवरची यंत्रणा वेगळी. चौकशीनंतर २०१९ मध्ये अमेरिकन नौदलाने या वर्गाच्या नौकांवर वेगासाठी पुन्हा हाताने सरकवायचे लिव्हर बसवायचं ठरवलं. पैसा खर्चून आणलेला पडदा पैसा खर्चून काढला.

इथे शीर्षकातली गोष्ट येते. साखर कारखान्यात, धरणाच्या दरवाजाच्या पॅनलवर, पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये एक छोटा फिरता स्विच असतो: ‘लोकल-रिमोट’. रिमोटवर असेल तर दूरच्या खोलीतून हुकूम चालतो, लोकलवर टाकला की यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचा. युद्धनौकेवरही यंत्रापाशी असा स्विच आणि हाताने चालवायची सोय असते, सुकाणूलासुद्धा. आयपीएमएस कितीही हुशार असो, शेवटचा शब्द त्या स्विचचा. मॅकेनवर पडद्यांचा ताबा असा उघड, हाताला लागणाऱ्या स्विचवर नव्हता. पडद्यावरची खूण आणि बोटाखाली खट् करणारा स्विच यांत जो फरक आहे, तो पहाटे साडेपाचला दमलेल्या माणसालाच कळतो.

सायबर हल्ल्याचं भय वेगळं काढून सांगायची गरज नाही. मुंबईच्या नौदल गोदीसमोर, खाडीपलीकडे ते घडून गेलं आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या कंपनीचं जगभरचं जाळं बसवलं, तेव्हा न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं. तिथे लढाई नव्हती, शत्रूचं लक्ष्यही ते नव्हतं. युद्धनौकेची प्रणाली इंटरनेटपासून तोडलेली असते हे खरं. पण दुरुस्तीला येणारा माणूस आपला लॅपटॉप घेऊन येतो, आणि तोडलेपण तेवढ्यापुरतं संपतं.

सगळ्यात अवघड प्रश्न मालकीचा. विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका बांधल्या माझगावने, पण त्यांची चारही टर्बाइनं युक्रेनच्या ‘झोर्या’ कारखान्याच्या घराण्यातली. २४ फेब्रुवारी २०२२ ला तिथे युद्ध पेटल्यावर सुट्या भागांची काळजी कुणाला कशी करावी लागली असेल, ते वेगळं सांगायला नको. सुटा भाग निदान नमुना पाहून घडवता येतो. नियंत्रण प्रणालीतला प्रोग्राम बंद पेटीत आला, तर त्यातली एक मर्यादा बदलायलाही मूळ कंपनीचं दार ठोठावावं लागतं. म्हणून २ एप्रिल २०२५ रोजी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सबरोबर ६ मेगावॅटचं सागरी डिझेल इंजिन देशात घडवण्याचा जो करार झाला, सुमारे २७० कोटींचा आणि ७० टक्के सरकारी पैशाचा, त्यात मला लोखंडापेक्षा नियंत्रकाचं महत्त्व जास्त वाटतं. इंदापूर तालुक्यातला वालचंदनगरचा कारखाना साखर कारखान्यांची यंत्रं घडवतो आणि नौदलाचे गिअरबॉक्सही. लोखंडाचा हात आपल्याकडे आहे, पूर्वीपासून. प्रोग्रामचा हात बसवायचा राहिला आहे.

बिनमाणसाच्या नौकांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातल्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या कंपनीची ‘मातंगी’ ही स्वयंचलित बोट २९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईहून तुतिकोरिनकडे रवाना झाली, सुमारे दीड हजार किलोमीटरांच्या प्रवासाला. गस्त आणि सुरुंगशोध यांसाठी अशा बोटी येणार, यात शंका नाही. त्यामुळे फ्रिगेट रिकामी होईल, असं मात्र मला वाटत नाही. आग लागल्यावर नळी धरायला अजून तरी माणूसच लागतो.

तो माणूस आता कोण असणार? आमच्या भागातली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. बरीचशी लष्करासाठी, काही नौदलासाठी. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची, पुढे कायम होणार ते २५ टक्क्यांपर्यंत. ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे पहिलं प्रशिक्षण, मग इंजिनवाल्यांना लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, विजेच्या कामवाल्यांना जामनगरची आयएनएस वालसुरा. लोणावळ्याची संस्था १९४५ पासून सागरी इंजिनिअर घडवते आहे; नौकेत पाणी शिरल्यावर भोक कसं बुजवायचं, हेही तिथे खरोखरच्या पाण्यात उभं करून शिकवतात. पण ताबा गोंधळल्याच्या तीन मिनिटांत काय करायचं, हे अंगात मुरायला वर्षं लागतात. कमी माणसांची नौका आणि कमी वर्षांचा माणूस ही दोन्ही धोरणं एकाच नौकेवर नांदणार नाहीत. यातलं एक बदलावं लागेल, आणि मला वाटतं ते दुसरं असावं.

नौदलात जाऊ पाहणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना आणि त्यांच्या आयटीआयच्या सरांना एवढीच विनंती: पीएलसीचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, पॅनल शिकवताना पडद्यावर दिवा लागला की तास संपवू नका. स्विच लोकलवर टाका, पडदा बंद करा आणि मग मोटार चालवून दाखवायला सांगा. आणि गावाकडे परत याल तेव्हा त्या वीस ऑटोंचं काहीतरी करा.